आयआयटीतील मुलींच्या जागांमुळे मुलांचे काय गेले?

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. विज्ञान शाखेत मुली मुलांच्या पुढे गेल्या आहेत, तरीही आयआयटीत त्यांना 20 टक्के जागा देऊन मुलांच्या हक्काच्या जागा काढून घेतल्या जातात, त्यामुळे गुणवत्ता घसरते, आणि मुळात मुलींना अभियांत्रिकीची आवडच नसते, असा त्याचा आशय असतो. यातले पहिले विधान खरे आहे. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेतील 57.2 लाख विद्यार्थ्यांपैकी 29.8 लाख मुली होत्या. पुढची तिन्ही विधाने मात्र टिकत नाहीत.

आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी दिलेल्या वाढीव जागा अधिसंख्य आहेत, म्हणजे आधीच्या जागांना हात न लावता वर भर घातलेल्या. त्याआधी मुलींचे प्रमाण जेमतेम आठ-दहा टक्के होते. ते 14, 17 आणि 20 अशा टप्प्यांनी वाढवायचे ठरले, आणि मुलांना मिळू शकणाऱ्या जागा घटू द्यायच्या नाहीत ही अट योजनेतच होती. समजा, 100 जागांच्या एका शाखेत 92 मुले आणि 8 मुली आहेत. त्या 92 जागा कायम ठेवून मुलींचे प्रमाण 20 टक्क्यांवर न्यायचे, तर मुली 23 आणि एकूण जागा 115 कराव्या लागतात. पंधरा जागा वाढल्या. मुलाची एकही गेली नाही. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशप्रक्रियेत मुलींचे 30 टक्के आरक्षण मंजूर जागांमधूनच असते, कट-ऑफच्या यादीत ‘एल’ने (लेडीज) सुरू होणारे जागांचे संकेत त्याचेच. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा या दोन वेगळ्या व्यवस्थांची सरमिसळ केली आहे.

गुणवत्तेच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही: एकाच शाखेत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलीची रँक शेवटच्या मुलापेक्षा बरीच मागे असते. परंतु जेईई ॲडव्हान्स्ड या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेच्या गुणवत्ता यादीत येण्यासाठी लागणारे किमान गुण मुलींसाठी वेगळे नसतात. 2024 मध्ये पात्र ठरलेल्या 48,248 जणांत 7,964 मुली होत्या, आणि त्या प्रत्येकीने तीच प्रश्नपत्रिका सोडवून आपल्या प्रवर्गातील मुलांना लागू असलेलीच किमान पातळी गाठली होती.

राहिला आवडीचा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच. अभियांत्रिकीत मुली सुमारे 29 टक्के आहेत, आणि बारावीला तेच भौतिकशास्त्र, तेच गणित घेतलेल्या कितीतरी मुली बीएस्सीला दिसतात. ही निवड पुष्कळदा दहावीनंतरच्या उन्हाळ्यात घरात होऊन जाते. जेईईच्या क्लासची दोन वर्षांची फी भरायची, त्यासाठी मुलीला परगावी ठेवायचे, आणि धाकटा भाऊ असेल तर त्याच्यासाठीही पैसे राखायचे, असा हिशेब मांडला जातो आणि तालुक्याच्या गावातले, एसटीने जाऊन-येऊन करता येणारे कॉलेज पक्के होते. तिने जेईईचा अर्जच भरलेला नसतो, आणि आपण त्याला तिची नावड म्हणतो. पैशाचा अडसर शासनानेही मान्य केला आहे: आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना 2024-25 पासून राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अकरावी-बारावीतल्या क्लासचा खर्च मात्र या सवलतीत येत नाही, आणि आयआयटीच्या वाटेवर तोच सर्वांत आधी आडवा येतो.