चीनवर लेख लिहिताय? मग एवढं कराच

परवा दिवाळी अंक आला. तिसऱ्या ते सहाव्या शतकातल्या चिनी खगोलावरचा माझा लेख त्यात ‘चीनचा चाणक्य आणि पडलेला तारा’ या नावाने छापलाय. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

२२० साली हान घराणं बुडालं की डोळे मिटा, ते ६१८ला तांग आल्यावरच उघडा. मधली चारशे वर्षं वाचकाला झेपत नाहीत.

माणूस चूगे लिआंगच घ्या, तिसऱ्या शतकातला शू राज्याचा प्रसिद्ध मुत्सद्दी आणि सेनानी. २३४ मध्ये तो छावणीत वारला तेव्हा लाल तारा पडला म्हणे, तेवढं पुरतं. लिआंग घराणंही (५०२–५५७) त्याचंच, असं ठोकून द्या. कोण बघतंय?

तिसऱ्या शतकातल्या छन च्वो या खगोलज्ञाने ताऱ्यांच्या तीन जुन्या परंपरा जुळवून २८३ तारकासमूहांत १,४६४ तारे बसवले, हे गाळा. तिथे दागिन्यांची जाहिरात बसते.

घराण्याच्या नावात दोन शब्द असतील तर एक उडवा. मी ‘लिऊ सुंग’ लिहिलं होतं (४२०–४७९). संपादकांना ‘लिऊ’ ही छपाईची चूक वाटली. उरलं ‘सुंग’, जे ९६० साली सुरू झालं! म्हणजे माझा त्सू छोंगची एका फटक्यात पाचशे वर्षं पुढे. हा त्सू कोण? पायची (π) किंमत ३.१४१५९२६ आणि ३.१४१५९२७ यांच्या मधे आहे हे सांगणारा. ४६२ मध्ये त्याने नवं पंचांग दरबारात मांडलं : ३९१ वर्षांत १४४ अधिकमास, वर्ष सुमारे ३६५.२४२८ दिवसांचं, शिवाय अयनचलनही (पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्यामुळे अयनबिंदूंचं ताऱ्यांमधून हळूहळू सरकणं) हिशेबात धरलेलं. ताइ फाशिंग नावाचा वजनदार दरबारी उठला आणि म्हणाला, ही आकाशाची निंदा आहे, ग्रंथांशी द्रोह आहे. त्सूने मुद्द्याला मुद्दा लावून उत्तर दिलं. उपयोग शून्य. पंचांग लागू झालं ५१०ला, तो जाऊन दहा वर्षं झाल्यावर, लिआंग घराण्याच्या सम्राट वूच्या हातून. आणि हाच वू ५३४ मध्ये मंगळ ‘दक्षिण पळी’ नावाच्या तारकासमूहात शिरला म्हणून अपशकून टळावा यासाठी अनवाणी महालाच्या पायऱ्या उतरला, कारण म्हण होती की असं झालं की सम्राट महाल सोडून पळतो. पळाला मात्र उत्तरेतल्या प्रतिस्पर्धी वेई घराण्याचा सम्राट. तेव्हा वू ओशाळून म्हणाला, ‘म्हणजे त्या रानटी लोकांनाही आकाशाचे संकेत लागू होतात?’

हे सगळं उडवलं. सगळं! तारा तेवढा ठेवला.

संपादकांना फोन केला तर उत्तर, ‘वाचकाला आकडे नको असतात.’ अहो, तुमच्याच अंकाच्या शेवटी बारा पानं राशिभविष्य आहे, मुहूर्त मिनिटांपर्यंत दिलेत! तिथे चालतात आकडे? कळत नसेल तर विचारायचं होतं, दहा आकडी नंबर लेखाखालीच होता. आणि पटत नसेल तर लेख परत पाठवायचा. त्या चुकीखाली नाव माझं छापलंय, तुमचं नाही.