‘थिएटर सिस्टरने शास्त्र शिकवू नये’ म्हणणाऱ्या सर्जनसाहेबांना

लॅपरोस्कोपीच्या, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून करायच्या ऑपरेशनच्या, दुर्बिणी (आमच्या भाषेत स्कोप) निर्जंतुक कशा करतात, आणि कशा करत नाहीत, यावर मी मागे लिहिलं होतं. त्याखाली ‘एक सर्जन’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: “पेशंटना उगाच घाबरवू नका. आम्ही वर्षानुवर्षं टेलिस्कोप सायडेक्समध्ये [ग्लुटाराल्डिहाइडचं जंतुनाशक द्रावण] वीस मिनिटं ठेवून वापरतो, काही होत नाही. अमेरिकेतही एंडोस्कोप डिसइन्फेक्टच करतात. ऑटोक्लेव्हने [दाबाखालच्या वाफेने] लेन्स जातात. दर केसला वेगळा सेट ठेवायचा तर खर्च कोण देणार? थिएटर सिस्टरने शास्त्र शिकवू नये.”

सर, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. बाकीचं घाईत लिहिलंय, हे मात्र मनापासून लिहिलेलं दिसतंय.

तुमच्या हातात स्कोप येतो तो जोडलेला, पुसलेला, चकचकीत. आम्ही तो सुटा बघतो. लाइट केबल जिथे बसते तिथला अडॅप्टर एकदा स्वतः फिरवून काढा आणि आट्यांवरून ओला गॉज फिरवा. पांढऱ्या गॉजवर तपकिरी रेघ उमटली, तर ते आधीच्या पेशंटचं रक्त. ट्रोकारची, म्हणजे स्कोप पोटात घालायच्या नळीची, झडप उघडा, वॉशरखाली तेच. ग्लुटाराल्डिहाइडने प्रोटीन गोठून पृष्ठभागाला चिकटतं, म्हणजे एन्झाइमच्या पाण्यात ब्रशने न घासता बुडवलेल्या स्कोपवरची घाण निघत नाही, पक्की होते. हे मला एका जुन्या इन्चार्ज सिस्टरनी दाखवलं, सगळ्या स्टाफसमोर खरडपट्टी काढून. त्याही ‘थिएटर सिस्टर’च होत्या. ऑपरेशनची लिस्ट लांबली की “अजून किती वेळ, काढा ना तो स्कोप बाहेर” हे मात्र सिस्टरनेच ऐकायचं, आणि घड्याळात वीस मिनिटं झालेली नसली तरी काढून द्यायचा. तेव्हा शास्त्र कुठे असतं, सर?

आणि ‘काही होत नाही’ हे तुम्हाला कळणार कसं? टाके निघाले की पेशंट तुमच्या समोरून जातो. मग काही आठवड्यांनी, वरून भरलेल्या छिद्राशी गाठ येते, ती फुटते, वाहत राहते. साध्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, बहुतेकदा काही उगवत नाही आणि नेहमीच्या अँटिबायोटिक्सना ती जखम दाद देत नाही. मायकोबॅक्टेरियम चेलोनी, फॉर्च्युइटम, अ‍ॅबसेसस ही क्षयाच्या जंतूंची भावकी, नळाच्या पाण्यात सुखाने नांदणारी. सायडेक्समधून काढलेला स्कोप कुठल्या पाण्यात विसळला जातो, हे कधी विचारलंय? अशा एका मुलीचं ड्रेसिंग मी केलंय, पित्ताशय काढल्यानंतरचं. क्लॅरिथ्रोमायसिन महिनोन्‌महिने चालू होतं. तिची आई दर खेपेला विचारायची, “दुर्बिणीचं ऑपरेशन लवकर भरतं म्हणाले होते ना?” ऑपरेशन करणारे डॉक्टर त्या ड्रेसिंग रूममध्ये मला कधी दिसले नाहीत.

2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडला जंतूंचे स्पोअर (त्यांची टणक, चिवट बीजं) मारायला 10 तास लागतात. वीस मिनिटांत होतं ते हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन: बाकी जंतू मरतात, सगळे स्पोअर मरत नाहीत. पोटाच्या निर्जंतुक पोकळीत जाणारी वस्तू निर्जंतुकच हवी, हे स्पोल्डिंगचं वर्गीकरण, कोणतं उपकरण कितपत जंतुमुक्त हवं ते ठरवणारं. ते माझं नाही, तुमच्याच पुस्तकातलं आहे.

अमेरिकेचं म्हणाल, तर तो तोंडावाटे जाणारा लवचिक एंडोस्कोप. तो निर्जंतुक पोकळीत जात नाही, त्याची गोष्ट निराळी. तरीही 2015 साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयात ड्युओडेनोस्कोपमधून (लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाणाऱ्या तसल्याच एंडोस्कोपमधून) औषधांना न जुमानणारे जंतू पसरले आणि 179 जणांना कळवावं लागलं. उदाहरण तुम्हीच काढलंत, म्हणून सांगितलं.

माझ्या लेखाचं शीर्षक भडक होतं, हे मान्य. जुन्या स्कोपना वाफ सोसत नाही हेही खरं, सील जातात आणि चित्र धुरकट होतं. पण ज्यावर ‘ऑटोक्लेव्हेबल’ कोरलेलं आहे तो 134 अंशांना टिकतो. फक्त बाहेर काढल्या काढल्या गार पाण्यात टाकायचा नाही, आणि हा उपद्व्याप कोणाच्या घाईपायी होतो ते पुन्हा सांगत नाही. उरलेल्यांसाठी ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) आहे, हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्लाझ्मा आहे, दोन्ही वाफेच्या उष्णतेशिवाय निर्जंतुक करणारे. खर्चाचा विषय वेगळा, त्यावर कधीतरी सवडीने.

पुढची प्रतिक्रियाही जशीच्या तशी छापेन. फक्त या खेपेला नाव घालून पाठवा. मी माझ्या नावाने लिहिते.