माझ्यासाठी वर्गणी करून कुत्रं आणणाऱ्यांना

गावच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच, पिवळसर कुत्र्याचा फोटो, पाठीवर पट्टा, बाजूला काळा चष्मा लावलेला गोरा माणूस. खाली लिहिलंय की परदेशात प्रत्येक आंधळ्याला सरकार फुकट कुत्रं देतं, ते कुत्रं सिग्नल बघून रस्ता पार करवतं, मालकानं नुसतं "बँक" म्हटलं की बँकेत नेऊन सोडतं, आणि आपल्याकडे हे नाही म्हणून आपले आंधळे जन्मभर अंधारात, घरात बसून. शेवटी हात जोडलेले आणि "पुढे पाठवा". त्याखाली आमच्या एका काकाजींनी टाकलं की आपल्या गावच्या सूनबाईसाठी वर्गणी करून असं एक कुत्रं आणू, माझे पाचशे लिहा. अकरा जणांनी अंगठा दिला. सूनबाई म्हणजे मी.

काकाजींचं मन चांगलं आहे, त्यांच्यावर राग नाही. पण पावतीपुस्तक छापायच्या आत थोडं बोलून घेते.

सिग्नलचं आधी. कुत्रं सिग्नल वाचत नाही हो. कुत्र्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखूच येत नाहीत, निळा-पिवळा त्याला बरा कळतो. रस्ता कधी ओलांडायचा हे माणूस ठरवतो, गाड्यांच्या आवाजावरून, आणि मग कुत्र्याला "चल" म्हणतो. कुत्र्याची खरी कमाल त्याच्या पुढे आहे, की माणसानं चल म्हटलं आणि तेवढ्यात गाडी आली तर ते पाऊल टाकत नाही, मालकाचं ऐकत नाही, आणि हे न ऐकणं त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. आमच्या मोत्यालाही न ऐकणं येतं, पण ते त्याला कुणी शिकवलं नाही.

"बँक म्हटलं की बँकेत नेतं" ही त्याहून मोठी थाप. म्हणजे रोजच्या ठरलेल्या वाटेवरची ठरलेली दारं कुत्र्याला सवयीनं कळतात, नाही असं नाही. पण रस्ता माणसाच्या डोक्यात असावा लागतो. घरातून निघालं की किती गल्ल्या सोडायच्या, कुठं डावीकडे वळायचं, हे माणूस सांगतो, आणि कुत्रं त्या वाटेवरचा खड्डा, खांब, पायरी, उभी सायकल एवढं सांभाळतं. पाठीवरच्या पट्ट्याला एक कडक दांडा असतो, तो माणसाच्या डाव्या हातात, कुत्रं थांबलं की हाताला कळतं, मग पायानं चाचपायचं की पायरी आहे की नाली. ज्याला स्वतःला वाट माहीत नाही त्याला कुत्रं घेऊन बाहेर पडताच येत नाही, म्हणून चांगल्या संस्था आधी बघतात की हा माणूस काठीनं एकटा फिरतो का, आणि मगच कुत्रं देतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं नेमकं हेच उलटं केलंय, त्याला वाटतं कुत्रं आल्यावर माणूस चालायला लागतो.

प्रत्येकाला देतात हेही खोटं. अमेरिकेतसुद्धा न दिसणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे कुत्रं असतं, बाकीचे बहुतेक काठीवर नाहीतर कुणाच्या हातावर. आणि तिथंही हे काम बहुतेक देणगीवर चालणाऱ्या संस्थांचं आहे. सुरुवात जर्मनीत झाली, १९१६ ला, पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. मग मॉरिस फ्रँक नावाचा अमेरिकन तरुण १९२८ साली स्वित्झर्लंडहून बडी नावाचं कुत्रं घेऊन परत गेला, न्यूयॉर्कचा एक भयंकर गर्दीचा रस्ता पत्रकारांसमोर ओलांडून दाखवला आणि कुत्रं देणाऱ्या डोरोथी युस्टिस बाईंना एका शब्दाची तार केली, "सक्सेस". पुढच्याच वर्षी सीइंग आय ही अशी कुत्री देणारी संस्था निघाली, ती अजून चालू आहे. पिल्लू आधी वर्षभर, कधी त्याहून जास्त, कुणाच्या तरी घरी वाढवायचं, मग काही महिने ट्रेनिंग, मग माणसाला कुत्र्यासोबत काही आठवडे शिकवायचं, एवढं करून ते कुत्रं आठ-दहा वर्षांचं झालं की रिटायर. काकाजी, पाचशे रुपयांत पट्टा येईल.

आता "अंधारात" या शब्दाबद्दल, कारण यानं माझं लय नुकसान केलंय. लोकांना वाटतं दिसतं नाहीतर दिसत नाही, मधलं काही नसतं. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. लहानपणी फक्त रातांधळेपणा होता, दिवे लागले की मी घरात, आणि लग्नाच्या वेळी माहेरच्यांनी तो सांगितला नाही (त्याची वेगळी कहाणी आहे, ती ग्रुपवर नाही). मग हळूहळू बाजूचं दिसणं गेलं. आता मला पाइपातून बघितल्यासारखं दिसतं, समोरचा एक गोल तुकडा, बाकी नाही. म्हणजे सुईत दोरा मी ओवते, पण दारात उभी असलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, मला दिसत नाही. आमच्या सासूबाई पहिली पाच वर्षं हेच म्हणायच्या, "सुई दिसते तुले अन् बंडी नाही दिसत?" गावातल्या बायकांनी तर सरळ सांगितलं की सोंग करून राहिली, कामाचा कंटाळा. पांढरी काठी घेतल्यावर पहिल्यांदा एसटीत बसले, मोबाईलवर डोळ्याजवळ धरून मेसेज बघत होते, तर मागून आवाज आला, "आंधळी आहे तं मोबाईल कसा पाहते?" त्याला काय सांगणार. न दिसणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना थोडंफार काहीतरी दिसत असतं, कुणाला नुसता उजेड, कुणाला कडेकडेचं, आणि परदेशात कुत्रं वापरणाऱ्यांतही असे कितीतरी आहेत.

(सहाव्या इंद्रियाबद्दल पण कुणीतरी खाली लिहिलंय. नाही हो. कान तेच असतात, आपण लक्ष देऊन ऐकायला लागतो एवढंच. मला अजून लाइट गेल्यावर मेणबत्ती सापडत नाही.)

"घरात बसून". हे वाचून जाऊ एवढी हसली की विचारू नका, कारण त्याच दिवशी आम्ही दोघी शेतातून आलो होतो. कापूस वेचायला डोळे कमी आणि बोटं जास्त लागतात, जाऊ मला तासाच्या, म्हणजे ओळीच्या, तोंडाशी उभी करते आणि मी एका पऱ्हाटीवरून दुसऱ्या पऱ्हाटीवर हातानं जाते. फुटलेलं बोंड बोटाला मऊ लागतं, कापूस एका ओढीत मोकळा होऊन येतो, अळीनं खाल्लेलं असेल तर ते कडक राहतं आणि कापूस आत चिकटून बसतो, तो मी कमरेच्या ओट्यात टाकतच नाही. वाळक्या बोंडाची टोकं नखाच्या बाजूला टोचतात, ती सगळ्यांनाच टोचतात, त्यात डोळ्यांचा संबंध नाही. माझी वेच जावेपेक्षा दिवसाला दोन-तीन किलो कमी भरते पण कचरा कमी असतो, हे तीच सांगते. बचत गटाचा हिशोब माझ्याकडे आहे. फोनमध्ये टॉकबॅक चालू आहे, बोट फिरवेल ते मराठीत वाचून दाखवतो, आणि नोट कितीची हे सांगणारं रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप २०२० पासून आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की झालं, नेट पण लागत नाही. आपल्याच विदर्भात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेली न दिसणारी मुलगी एमपीएससी पास झाली. यातल्या कुणाकडेच कुत्रं नव्हतं.

मग कुत्रं नकोच का? असं नाही, खरं सांगते, काठीला जे जमत नाही ते एक काम कुत्र्याला जमतं, आणि त्यासाठी मला त्याचा हेवा वाटतो. काठी जमिनीचं सांगते, मुरूम आहे, शेण आहे, डांबर सुरू झालं, नाली आली. पण कमरेच्या वरचं काही सांगत नाही. वाकलेली बाभळीची फांदी, उघडी खिडकी, ट्रॅक्टरचा आरसा, यांच्याखालून काठी बिनधास्त निघून जाते आणि तोंड आपलं आपटतं. शिकलेलं कुत्रं अशा जागी थांबतं किंवा वळसा घालून नेतं. आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत काठीचं तर विचारूच नका, चार पावलांत टोकाला ढेकूळ चिकटतं आणि ती काठी न राहता मुसळ होते.

पण तेच कुत्रं इथं आणून बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, दुपारी डांबरावर माझी चप्पल चटके देते, त्याचे पंजे उघडे. पारावरची आठ-दहा कुत्री अनोळखी कुत्र्याला गावात शिरू देतात का? भांडण लागलं की ते बिचारं काम विसरणार, आणि त्याचा दांडा माझ्या हातात. त्यावर पोरं त्याला बिस्किटं टाकणार, शीळ घालणार. काम करणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नसतो हे आपल्या गावाला कोण शिकवणार, इथं काम करणाऱ्या बाईलाच लोक न विचारता दंडाला धरून ओढत नेतात. परवा फाट्यावर एका भल्या माणसानं मला असंच धरून रस्ता पार करवला. मला पार करायचाच नव्हता, मी एसटीची वाट बघत होते. एसटी गेली. आणि पुढच्या एसटीत कंडक्टरनं तिकिटाचं मला न विचारता शेजारच्या बाईला विचारलं, "यांना कुठं उतरायचं?" तिला काय माहीत, ती दारव्ह्याची.

तर काकाजी, पाचशे खिशातून काढलेच असतील तर परत ठेवू नका. शाळेजवळच्या नालीवरचा ढापा दोन वर्षांपासून तुटलेला आहे, त्याला सिमेंट लागेल. दुसऱ्या कामाला पैसा लागत नाही. तुमची बंडी रात्री सोडता तेव्हा दांडी गल्लीकडे नका करू, भिंतीकडे करा, ती बरोबर माझ्या छातीच्या उंचीला येते आणि काठी तिच्याखालून जाते. काल परत लागली. तुम्ही ओसरीतच होते, "अरे अरे" म्हणाले, मी आवाज ओळखला.