मॅग्ना कार्टा ‘प्रत्येका’साठी नव्हती

‘१२१५ च्या मॅग्ना कार्टा सनदेने इंग्लंडमधल्या प्रत्येकाला न्यायाचा हक्क मिळाला’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे. न्यायाचा हक्क देणाऱ्या तिच्या ३९ व्या कलमात शब्द आहेत ‘मुक्त माणूस’. जमीनदाराच्या शेतावर राबणारे बांधील शेतकरी, म्हणजे व्हिलेन, त्यात येतच नव्हते. त्यांच्या जमिनीचे तंटे जमीनदाराच्याच कचेरीत चालत. त्याच्याविरुद्ध राजाच्या न्यायालयात दाद मागता येत नसे. हे विसरणं म्हणजे त्या माणसांवर पुन्हा अन्याय करणं. २० व्या कलमाने एवढंच केलं, की दंड वसूल करताना त्यांची शेतीची साधनं हिरावू नयेत. तीही सनद पोप तिसऱ्या इनोसंटने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द ठरवली. ‘मुक्त माणूस’ऐवजी ‘कोणत्याही दर्जाचा माणूस’ हे शब्द कायद्यात आले ते १३५४ साली.