माजी आमदार, सध्या मुक्काम नगरपालिका

सकाळी उठल्या उठल्या फॅमिली ग्रुप उघडला आणि डोकंच फिरलं. इथे अमेरिकेत आमच्या लोवेलचे लागोपाठ तीन सिटी मॅनेजर, म्हणजे पालिकेचा कारभार चालवणारे पगारी अधिकारी, आधी आमदार होते, असं काल मी तिथे सहज टाकलं होतं. त्यावर बंडूदादाचं उत्तर: "आमदारकी सोडून नगरपालिकेत नोकरी? काय पाप केलं होतं बिचाऱ्यांनी?" खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मावशीसुद्धा त्यात!

मला आठवली बाबांची पिशवी. कापडदुकानाची, निळी, प्लॅस्टिकची. तिच्यात सात अर्ज. घरासमोरचं गटार दर जुलैत तुंबायचं आणि ते पाणी थेट ओट्यावर. बाबा दरवेळी नवा अर्ज लिहायचे, पालिकेत जाऊन ओसीवर, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर, आवकचा जांभळा शिक्का मारून आणायचे आणि पिशवीत ठेवायचे. चौथ्या अर्जापर्यंत मुख्याधिकारी बदलले होते. सहाव्यापर्यंत परत बदलले.

असो. लोवेलकडे येते.

मॅसॅच्युसेट्समधलं हे जुनं गिरणगाव, मेरिमॅक नदीकाठचं, वस्ती 1 लाख 15 हजार. आयलीन डोनह्यू या इथल्या वकील. आधी नगरसेविका, मग 1998 ते 2002 महापौर. 2007 मध्ये खासदारकीला उभ्या राहिल्या आणि पक्षांतर्गत निवडणुकीतच दुसऱ्या आल्या. (ती जागा रिकामी का झाली? मार्टी मीहान खासदारकी सोडून इथलं विद्यापीठ चालवायला गेले म्हणून. बंडूदादा, त्यांनी काय पाप केलं होतं?) 2011 पासून डोनह्यूबाई राज्याच्या सिनेटवर. आपल्या हिशोबात विधान परिषद धरा, फक्त थेट लोकांनी निवडून दिलेली. आणि 2018 च्या एप्रिलमध्ये मुदत अर्ध्यावर सोडून त्या सिटी मॅनेजर झाल्या. लोवेलच्या पहिल्या महिला सिटी मॅनेजर.

आता हे पद काय, ते ऐका. इथे महापौर म्हणजे नगरसेवकांनी आपल्यातूनच निवडलेला एक जण, बैठकीत अध्यक्षस्थानी बसतो. खरा कारभार मॅनेजरकडे. पण मॅनेजरला नेमतात नगरसेवक, करार करतात नगरसेवक आणि नाही पटलं तर घरी पाठवतात तेही नगरसेवकच. मॅनेजरला मत नाही. म्हणजे कालपर्यंत बॉस्टनच्या विधिमंडळात कायदे करणारी बाई मंगळवारी संध्याकाळी त्याच नगरसेवकांपुढे उत्तरं द्यायला बसते. बैठकीचा अजेंडा एकदा बघाच. ओळीमागून ओळ, "सिटी मॅनेजरना विनंती की...". अमुक चौकातले पट्टे, तमुक रस्त्यावरचं झाड, फूटपाथ. आणि त्याला लेखी उत्तर यायला लागतं. लेखी! बाबांना सात अर्जांत एक ओळ लेखी आली नाही.

बाबा एकदा आमदारांच्या जनता दरबारालाही गेले होते. दोन तास रांगेत. आमदारसाहेब म्हणाले, "काका, हा नगरपालिकेचा विषय, तरी मी बोलतो." कोणाशी बोलले देव जाणे. पालिकेत नगरसेवक म्हणाला, मुख्याधिकारी ऐकत नाहीत. बरोबरच आहे, ते सरकारने पाठवलेले, बदलीही सरकारच करणार, नगरसेवकाला कशाला भीक घालतील? मुख्याधिकारी म्हणाले, निधी वरून यायचाय. वर कोण? तेच आमदार, जे बोलणार होते! गटार राहिलं तिथेच. आणि त्यांचे वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र बरोब्बर त्याच गटारावर लावलेले असायचे, हात जोडून हसतायत!

बरं, मान्य. इथेही सगळे संत नाहीत. मॅनेजरचा पगार आमदारापेक्षा बराच जास्त आहे. आणि केविन मर्फी, मग डोनह्यू, मग 2022 पासून टॉम गोल्डन, तिघेही राज्याच्या विधिमंडळातून आलेले, म्हणजे ओळखीपाळखी चालतात हे शेंबडं पोरही सांगेल. गोल्डन तर तिथे जवळपास 27 वर्षं होते. प्रशासन शिकलेला बाहेरचा माणूस का नको, असं विचारणारे इथेही आहेत आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

पण तरी! राज्याच्या तिजोरीतून पैसा कसा सुटतो हे ज्याला आतून माहीत आहे, तो माणूस गावाच्या गटारासाठी पगारावर राबतो, हे मला भारी वाटतं. आपल्याकडे आमदार पडला तर महामंडळ मागतो, नाहीतर पक्ष बदलतो. मुलाला नगराध्यक्ष करेल, स्वतः मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून नगरसेवकांची बोलणी खाईल? डोनह्यूबाईंची चार वर्षं झाली, त्यातली दोन कोविडची, 2022 ला त्या गेल्या.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. बंडूदादा वाईट नाही. तो सातवा अर्ज घेऊन पालिकेत तोच गेला होता, भर पावसात, बाबांचे गुडघे दुखायला लागले होते तेव्हा. शिक्का भिजून पसरलाय त्या कागदावर, तारीख वाचता येत नाही. बाबा गेल्यावर कपाट आवरताना पिशवी मीच इकडे घेऊन आले. आईला वाटलं घराचे कागद आहेत.

मगाशी त्या सात कागदांचा फोटो ग्रुपवर टाकला. दादाने पाहिलाय, दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.