मिनिकॉयच्या विहिरी: शहाद्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ,

लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, “आठे पानी नही, नि तुमले तठे शांतता दिसी ऱ्हायनी (इथे पाणी नाही, आणि तुम्हाला तिथे शांतता दिसतेय). कंपनीच्या खर्चाने जाऊन आलात आणि बेट असंच राहावं म्हणता. सातपुड्यातल्या आमच्या तोरणमाळबद्दलही शहरवाले हेच म्हणतात. मग तिथल्या पोरांनी करायचं काय?” दोन दिवस हे मनातून गेलं नाही.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘न बिघडलेलं बेट’ असं मी लिहायला नको होतं. चार दिवसांच्या पाहुण्याच्या तोंडचे शब्द आहेत ते. शांतता मला भावली हे खरं, पण ती कुठून येते हे लेखात आलंच नाही. ते आता सांगतो.

मी गेलो होतो पंप आणि पाइपलाइनच्या कामाला, त्यामुळे किनाऱ्यापेक्षा विहिरीच जास्त पाहिल्या. पाच चौरस किलोमीटरही नसलेलं हे बेट प्रवाळाचं आहे. नदी नाही, ओढा नाही. पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा तरंगत राहतो. सगळं गोडं पाणी तेवढंच. जोराचा पंप लावून वरची पातळी वीतभर उतरवली, की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. शिवाय संडासाचा शोषखड्डा विहिरीजवळ आला तर घाण थेट त्या सायीत. समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट लक्षद्वीपमध्ये पहिल्यांदा २००५ साली कवरत्तीला झाला, रोज एक लाख लिटरचा. मिनिकॉयला २०११ साली झाला. त्याने मोठा आधार मिळाला, पण त्या भरवशावर हॉटेलांची रांग उभी राहिली तर आधी कोरडी पडेल ती गावातल्या आजीची विहीर. तिथे जायला परवाना लागतो, त्याचा मला आधी राग आला होता. विहिरी पाहिल्यावर तो गेला.

आता पोरांचं. तिथली पोरं रिकामी बसलेली नाहीत. गळाच्या काठीने एकेक ट्यूना पकडतात, जाळं टाकून समुद्र खरवडत नाहीत. तोच मासा शिजवून, धुरावर धरून, वाळवून विकतात. कितीतरी घरांतले पुरुष जहाजांवर खलाशी आहेत. प्रत्येक गावाचा एक प्रमुख असतो, त्याला बोडुकाका म्हणतात. हे ऐकून मला आपल्या भावकीतले काकाच आठवले. बेटावर काय यावं आणि किती यावं, हे त्या लोकांनी ठरवावं. तुमचा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर आहे: ते मीही ठरवू नये.

पण पाण्याचा हिशेब न करता आलेला पैसा काय करतो, हे आपल्याला कुणी दुसऱ्याने सांगायला नको. जळगाव जिल्ह्यात यावलकडे माझ्या आजोबांच्या विहिरीवर मोट चालायची. आज त्याच शिवारात बोअर पाचशे फुटांखाली जातो. सातपुड्याच्या पायथ्याची ती जमीन खरं तर पाणी पिऊन साठवणारी, तरी रावेर-यावलची गणना अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त पाणी उपसणाऱ्या भागात झाली. त्या पाण्यावर पिकलेल्या केळीने आम्हाला घरं दिली, शिक्षण दिलं, माझी नोकरीही त्याच ठिबकच्या धंद्यातून आली. म्हणून केळीला दोष देणार नाही. पहिल्या शंभर बोअरच्या वेळी खाली पाणी किती आहे हे कुणी मोजलं नाही, एवढंच मला सलतं.

तोरणमाळला रोजगार हवाच, आणि रस्ता, दवाखानाही. पण यशवंत तलावाची पातळी मे महिन्यात किती उतरते, आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बाया हंडा घेऊन किती लांब जातात, हे तुम्हाला जवळून माहीत असेल. मला लिहून पाठवा. लेखातले ते शब्द मी आजच काढतो. आणि मे महिन्यात शहाद्याला येईन, तुम्ही सोबत असाल तर वर जाऊन विहिरी पाहू.