पोलिसांचं रेकॉर्डिंग म्हणजे हेरगिरी? त्या फॉरवर्डमधला एकेक दावा

‘सावधान! पोलीस ठाण्यात किंवा रस्त्यावर ड्युटीवरच्या पोलिसाचा व्हिडिओ काढला तर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली १४ वर्षं शिक्षा. सरकारी कामात अडथळा म्हणून अजामीनपात्र गुन्हा. पोलीस मोबाईल जप्त करून व्हिडिओ डिलीट करू शकतात. पोलिसांनाही प्रायव्हसी आहे. असा व्हिडिओ कोर्टात चालत नाही.’

हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो, पण माझ्या आतेभावाने तो वाचून फोनमधलं एक रेकॉर्डिंग पुसून टाकलं. आत्याची पाटली चोरीला गेली होती. तक्रार द्यायला दोघं ठाण्यात गेले, तर तिथल्या अंमलदाराने ‘चोरी नको, गहाळ झाली असं लिहा’ हाच धोशा लावला. ते सगळं बोलणं आतेभावाच्या फोनमध्ये होतं. रात्री फॅमिली ग्रुपवर हा मेसेज आला, आत्या घाबरली आणि त्याने ते ‘ट्रॅश’मधूनसुद्धा काढून टाकलं. खोट्या माहितीने असा हातचा पुरावा जातो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी १४ वर्षं. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, म्हणजे शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ सालचा. त्यातलं कलम ३ हेरगिरीचं आहे. देशाच्या सुरक्षिततेला बाधक अशा हेतूने निषिद्ध ठिकाणी जाणं, शत्रूच्या उपयोगी पडेल असा नकाशा किंवा टिपण तयार करणं, हा त्याचा विषय. १४ वर्षं ही कमाल शिक्षा, तीसुद्धा मामला संरक्षण दलांच्या ठिकाणांशी वगैरे संबंधित असेल तर. इतर बाबतीत कमाल ३ वर्षं. ‘निषिद्ध ठिकाण’ म्हणजे काय, ते कलम २(८) मध्ये दिलंय: शस्त्रागार, लष्करी तळ, युद्धनौका, विमानं अशी यादी आहे. पोलीस ठाणं त्यात नाही.

हे माझं मत नाही. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून २०१८ मध्ये एका माणसावर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. शेजाऱ्याशी वाद होता, त्यासाठी तो ठाण्यात गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाने म्हटलं, निषिद्ध ठिकाणाची व्याख्या परिपूर्ण आहे, म्हणजे तिच्यात दिलेल्या ठिकाणांपलीकडे काही धरता येत नाही, आणि तिच्यात पोलीस ठाण्याचा समावेश नाही, त्यामुळे हा गुन्हा होतच नाही. पुढे पाथर्डीच्या ठाण्यातलं बोलणं रेकॉर्ड केल्याचं प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे आलं, तिथेही २०२४ मध्ये हेच सांगितलं गेलं. मेसेज लिहिणाऱ्याने निदान आपल्याच उच्च न्यायालयाचा निकाल वाचायला हवा होता.

एक मात्र कबूल करावं लागेल. कायद्यात बसत नसतानाही गुन्हा दाखल होऊ शकतो. वर्ध्याच्या त्या माणसाला चार वर्षं लढावं लागलं. लोकांची भीती हवेतून आलेली नाही. पण ‘त्रास दिला जाऊ शकतो’ आणि ‘हा गुन्हा आहे’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि हा मेसेज ते पुसून टाकतो.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलंय. आत येण्याच्या दारापासून कोठडीपर्यंत, आवाजासकट. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तरी वर्षापेक्षा कमी नाही. जिथलं चित्रण जपून ठेवायचा आदेश आहे, ती जागा चित्रणासाठी गुप्त कशी?

रस्त्यावर तर ‘निषिद्ध ठिकाणा’चा प्रश्नच येत नाही. ‘पोलिसांचं चित्रण करता येईल असं कुठल्या कलमात लिहिलंय?’ असं ग्रुपवर एका काकांनी विचारलं. असं वेगळं कलम नाही, खरंय. पण मनाई असेल तर ती कायद्यात दाखवावी लागते. परवानगीचं कलम शोधत बसायचं नसतं.

आता सरकारी कामात अडथळा. पूर्वीच्या दंड संहितेचं (आयपीसी) ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. ते अजामीनपात्र आहे, हे खरं. पण त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. नाकाबंदीच्या बाजूला उभं राहून मोबाईल धरणं हा हल्ला नव्हे. हां, बॅरिकेड ओलांडून पोलिसाच्या तोंडासमोर कॅमेरा नाचवलात, वाट अडवलीत, तर कलम २२१ खाली अडथळ्याचा गुन्हा लागू शकतो, आणि तेव्हा तक्रार करायला जागा नाही. चार पावलं मागे राहा.

सगळ्यात घातक ओळ डिलीटची. जप्तीचा अधिकार पोलिसांना आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १०६ खाली. पण वस्तूचा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय हवा, जप्ती दंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि १ जुलै २०२४ पासून कलम १०५ प्रमाणे जप्तीचंच ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करावं लागतं. म्हणजे पोलिसांनाच आता मोबाईल हातात धरून चित्रण करावं लागतंय. यात ‘डिलीट’ कुठेच नाही. फोन पुरावा असेल तर त्यातलं पुसायचं कसं? पुरावा नसेल तर जप्त कशासाठी? न्यायालयात येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. ‘व्हिडिओ उडव’ असा हुकूम झाला, तर तो कुठल्या कलमाखाली, एवढंच शांतपणे विचारा. हिसकाहिसकी करू नका. फोन घेतलाच तर पंचनाम्याची प्रत मागा.

प्रायव्हसीचा मुद्दा गणवेशातल्या, कामावरच्या माणसाला फारसा लागू होत नाही. ठाण्यात आलेल्या इतरांना मात्र नक्की लागू होतो. अत्याचाराची तक्रार द्यायला आलेली बाई, एखादं लहान मूल तुमच्या फ्रेममध्ये आलं आणि तुम्ही ते व्हायरल केलंत, तर त्यांची ओळख उघड केल्याचा गुन्हा तुमच्यावर होऊ शकतो, आणि व्हायलाच हवा. कॅमेरा तुमच्याशी बोलणाऱ्या अंमलदारापुरता ठेवा.

कोर्टात चालत नाही? चालतो. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फाईल ज्या फोनमध्ये तयार झाली, तिथेच न कापता, गाणं न चढवता राहू द्या. वकिलाला प्रत द्यायची तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फाईल दाबली जाते.